वैनगंगेची पाणमांजरे मोजायची कोणी?

विदर्भात वन्य प्राणी म्हटले की वाघ, आणि वाघ म्हटला की पुढचे सगळे न सांगता सुचते: उघड्या गाड्या, प्रवेशद्वारापाशी पहाटेपासून लागलेली रांग, आणि वाघ दिसला की नाही यावरून ठरणारी सुट्टीची सार्थकता. 2013 साली ‘जय’ नावाचा एक वाघ नागझिऱ्यातून निघाला आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातली शेते, नाले, रस्ते ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात येऊन स्थिरावला. 2016 च्या एप्रिलनंतर तो दिसेनासा झाला. तेव्हा जो गहजब झाला तो पुष्कळांना आठवत असेल. वर्तमानपत्रांचे रकाने त्याने भरून वाहिले, लोकप्रतिनिधी बोलले, शोधपथके फिरली. एका वाघासाठी हे व्हावे यात मला काही गैर वाटत नाही. माझे भांडण निराळे आहे. त्याच मुलुखातून जी नदी वाहते, तिच्यातला एक अख्खा वंश नाहीसा होत गेला तर त्याची चौकशी सोडा, साधी नोंद कोणत्या वहीत व्हायची, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्या वंशाचे नाव पाणमांजर.

आमचे अड्याळ हे भंडाऱ्याहून पवनीला जाताना वाटेत लागणारे गाव. एका अंगाला जंगल आणि तलाव, दुसऱ्या अंगाला काही कोसांवर वैनगंगा. अड्याळच्या नावाने वनपरिक्षेत्र आहे, म्हणजे प्राण्यांची दखल घेणारे सरकार आमच्या दाराशीच आहे. महाराष्ट्रात 2022 च्या गणनेत वाघ किती, असे विचारा, कोणीही सांगेल: 444. ही गणना दर चार वर्षांनी होते, तिच्यावर पैसा खर्च होतो, तिचे आकडे पंतप्रधान जाहीर करतात. पाणमांजराच्या नशिबी असली ठरलेली गणना नाही. ज्याला मोजत नाहीत त्याची घटही होत नाही. कागदावर ते कायमचे सुखी असते.

आधी नावाचाच गोंधळ पाहा. हे मांजर नव्हे. मुस्टेलिड म्हणून जे कुळ आहे, ज्यात बिज्जू आणि युरोपातले वीझल येतात, त्यातले हे जनावर. संस्कृतात याला ‘उद्र’ म्हणत, म्हणजे पाण्यातला. इंग्रजीतला ‘ऑटर’ हा त्याच धातूचा भाऊबंद. मराठीत त्याचे ‘ऊद’ झाले, कोकणात ‘हुद’ झाले. पण शहरी मराठीला ऊद म्हटले की उदबत्ती आठवते, नाही तर उदमांजर, आणि ते तर झाडावर चढणारे भलतेच जनावर आहे. जगात पाणमांजरांच्या तेरा-चौदा जाती मानतात. त्यांतल्या तीन भारतात आहेत: नद्या-तळ्यांतले कळप करून राहणारे गुळगुळीत कातडीचे, आखूड नखांचे लहानगे, आणि आयर्लंडपासून जपानपर्यंत एके काळी पसरलेले युरेशियाई. शाळेच्या पुस्तकात यांतल्या एकाचेही धड चित्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. ध्रुवावरचे पेंग्विन मात्र आमच्या अड्याळच्या पोरांना पाठ आहेत.

आता कोणी म्हणेल की या जनावराचा अभ्यास कठीण आहे. ते लाजाळू, निशाचर, पाण्यात बुडून राहणारे. ही सबब टिकत नाही. इंग्लंडातला इतिहास पाहा. तिथे कुत्र्यांचे तांडे घेऊन पाणमांजरांची शिकार करण्याचा मोठा षोक होता, आणि इंग्रज माणूस खेळाचीही हिशेबवही ठेवतो. किती दिवस शिकारीला गेलो, किती वेळा माग लागला, हे सगळे त्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले. पॉल चॅनिन आणि डॉन जेफरीज या दोघा संशोधकांनी या वह्या चाळल्या आणि 1978 साली दाखवून दिले की घसरण नेमकी 1957 च्या सुमारास सुरू झाली. काय घडले होते त्याच्या आधी? 1955-56 च्या सुमारास डिल्ड्रिन आणि तिच्या जातीची विषे बियाण्याला चोळण्यासाठी आणि मेंढ्या बुडवून काढण्यासाठी वापरात आली होती. शेतातून ओढ्यात, ओढ्यातून माशात, माशातून पाणमांजरात. शिकाऱ्याला वाटत होते की आपल्या नद्या आहेत तशाच आहेत. त्याची वही मात्र खरे बोलत होती. त्याच 1978 साली इंग्लंडात या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. 1977 ते 1979 या काळात पहिली पद्धतशीर पाहणी झाली तेव्हा तपासलेल्या शंभर ठिकाणांपैकी सहा ठिकाणी खुणा सापडल्या. विषे बंद झाली, नद्या सावकाश निवळल्या, आणि 2009-10 च्या पाहणीत हेच प्रमाण शंभरास साठाच्या आसपास गेले. 2011 साली केंट परगण्यातही पाणमांजर परतल्याची नोंद झाली, तेव्हा इंग्लंडातला एकही परगणा त्याच्यावाचून उरला नाही.

आणि ही पाहणी कशाने करतात? हजारोंच्या यंत्रांनी नव्हे. काठाने चालायचे, दगडांवर आणि रेतीच्या उंचवट्यांवर पाणमांजर आपली विष्ठा ठरलेल्या जागी टाकते ती शोधायची, तिच्यातली माशांची खवले आणि खेकड्यांची कवचे पाहायची, ओल्या रेतीतले पंजे पाहायचे. पायात बळ आणि नाकात थोडी सहनशक्ती एवढे भांडवल पुरते. पुढचे रासायनिक काम प्रयोगशाळेत होवो, सुरुवात चपलांनी होते. आमच्याकडे विद्यापीठे आहेत, महाविद्यालये आहेत, त्यांत प्राणिशास्त्राच्या पदव्या दरसाल वाटल्या जातात. बाटलीतला बेडूक सोडून नदीकाठी दोन मैल चालावे असे त्यांतल्या कितीजणांना वाटते?

इंग्लंडाच्या उलट उदाहरण जपानचे. तिथल्या पाणमांजराचे अखेरचे खात्रीलायक दर्शन 1979 साली कोची प्रांतात सुसाकी गावच्या नदीत झाले. त्यानंतर शोध चालूच राहिला. अखेर 2012 साली सरकारने ते नामशेष झाल्याचे जाहीर केले. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या सुसाकी गावाने पाणमांजराचा एक गोंडस बाहुला आपले बोधचिन्ह केले आहे, आणि 2016 साली जपानभरच्या अशा बाहुल्यांच्या स्पर्धेत तो पहिला आला. जनावर गेले, बाहुला उरला, आणि बाहुल्याला बक्षीस मिळाले! आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी जागतिक पाणमांजर दिन म्हणून सुंदर छायाचित्रे फिरतात, तेव्हा मला हटकून तो बाहुला आठवतो.

गोंडसपणाने या प्राण्याचे भलेच होते असेही नाही. पाळीव म्हणून आखूड नखांच्या पिल्लांना परदेशी इतकी मागणी झाली, आणि कातडीच्या चोरट्या व्यापाराचे संकट आधीपासून होतेच, की 2019 साली जिनिव्हाच्या परिषदेत आखूड नखांच्या आणि गुळगुळीत कातडीच्या अशा दोन्ही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणे बंद करावा लागला. कातड्यांचा व्यापार किती मोठा होता हे 2003 च्या ऑक्टोबरात कळले. तिबेटात एका ठाण्यावर एकाच खेपेत 31 वाघांची, 581 बिबट्यांची आणि 778 पाणमांजरांची कातडी पकडली गेली. त्या 31 वाघांची बातमी झाली. 778 हा आकडा किती वाचकांनी ऐकला आहे? 2006 साली आंध्रातल्या अमरावतीच्या मेळाव्यात दलाई लामांनी असली कातडी अंगावर मिरवू नका असे खडसावले, तेव्हा तिबेटी लोकांनी आपले मौल्यवान कपडे जाहीरपणे जाळले. कायदा आणि पोलीस यांना जे वर्षानुवर्षे साधले नाही ते एका माणसाच्या लाजवणाऱ्या शब्दाने साधले.

आता घरी येऊ. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीने अभ्यासकांना चकित केले. युरेशियाई पाणमांजर, जे मध्य भारतात आहे की नाही याचीच शंका होती, ते मध्य प्रदेशात सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पात आणि कान्हा-पेंच यांच्या मधल्या जंगलात कॅमेऱ्यात टिपले गेले. हे कॅमेरे मुळात वाघांच्या पाहणीसाठी लावलेले! म्हणजे शोधायला कोणी गेलेच नव्हते. वाघ शोधताना ते पायाखाली सापडले. आणि कान्हा-पेंचच्या मधला तो प्रदेश म्हणजे कोणता? शिवनी आणि बालाघाट, ज्या जिल्ह्यांतून आमची वैनगंगा उगवून, वळसा घेऊन खाली गोंदिया-भंडाऱ्यात उतरते. नदीला राज्याची सीमा कळत नाही, पाणमांजरालाही कळत नाही. ती फक्त खात्यांना कळते. वरच्या अंगाला जे सापडले त्याचा शोध खालच्या अंगाला काठाकाठाने घ्यावा, हे समजायला मोठी विद्वत्ता लागत नाही. अड्याळ-पवनी भागातल्या ढिवरांना विचारा: जाळे कसे फाटले, अर्धी खाल्लेली मासळी कोणत्या दगडावर पडली होती, पूर्वी किती दिसत आणि आता किती. त्यांच्या बोलण्यात तपशील असतो. तो लिहून घेणारा मात्र येत नाही.

येतो तो रेतीवाला. चंबळ नदीवर भारतीय वन्यजीव संस्थेच्या सय्यद ऐनुल हुसेन यांनी गुळगुळीत कातडीच्या पाणमांजरांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून हे कळले की ही जनावरे पिल्ले देतात ती पावसाळा उलटल्यावर, थंडीच्या दिवसांत. बिळे काठाच्या भुसभुशीत दरडीत, झाडांच्या मुळांखाली, खडकांच्या फटीत. पाण्यातून बाहेर आले की अंग सुकवायला त्यांना कोरडी रेती लागते, तिच्यात ती लोळतात. आता आमच्या रेतीघाटांचे वेळापत्रक पाहा. पावसाळ्यात उपसा बंद, तो थांबला की मोकळा. म्हणजे मादी ज्या काठाला पिल्ले घेऊन बसते, त्याच काठाला त्याच महिन्यांत यंत्रे उतरतात. घाटाचा लिलाव करताना रेती किती ब्रास आहे हे मोजतात. त्या रेतीत कोणाचे घर आहे हा रकाना अर्जात नाही. आणि हे झाले परवान्याच्या रेतीचे. रात्री निघणाऱ्या ट्रॅक्टरांबद्दल मी लिहीत बसलो तर हा अंक पुरणार नाही.

दुसरा मानकरी म्हणजे गोसीखुर्द. 1983 साली 372 कोटींचा म्हणून मंजूर झालेला, 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेला, पुढे राष्ट्रीय प्रकल्प म्हणून मिरवलेला आणि हजारो कोटींच्या घरात जाऊन पोचलेला हा पवनी तालुक्यातला बांध. धरण नको असे म्हणण्याची वेळ गेली, ते मी म्हणत नाही. भाताला पाणी लागते हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण वाहत्या नदीची जागा साचलेल्या पाण्याने घेतली की काय काय बदलते, याचा हिशेब गावांच्या पुनर्वसनातच नीट झाला नाही, तिथे पाण्यातल्या जिवांचा कुठून व्हायचा? उथळ धारा गेल्या, खडकांचे घाट बुडाले, कोरड्या रेतीची बेटे पाण्याखाली गेली. साचलेल्या पाण्यात पाणमांजर राहूच शकत नाही असे मात्र नाही. केरळात पेरियारच्या जलाशयात ती राहतात, त्यांच्या आहाराचाही अभ्यास झाला आहे. म्हणूनच गोसीखुर्दच्या पाण्यात ती आहेत की नाहीत, हा प्रश्न तर्काने सुटणारा नाही, जाऊन पाहण्याचा आहे.

तिसरा वाटा नागपूरचा, आणि इथे माझ्या नागपूरकर वाचकांनी जरा सावरून बसावे. शहराचे सांडपाणी नागनदीत, नागनदी कन्हानीत, कन्हान वैनगंगेत. आणि धरणाने पाणी अडल्यावर तो मैला पुढे वाहून जाण्याऐवजी फुगवट्यात तुंबून राहतो. भंडारा शहर हे पाणी पिते. नागनदी शुद्ध करण्याच्या सुमारे दोन हजार कोटींच्या योजनेच्या घोषणा आम्ही वाचल्या, त्यांवरची भाषणेही वाचली. इंग्लंडात विष शेतातून आले होते. आमच्याकडे ते शेतातून येते, कारखान्यातून येते आणि न्हाणीघरातूनही येते. ‘माणसाला प्यायला शुद्ध पाणी नाही आणि तुम्ही पाणमांजराचे काय घेऊन बसलात’ असे मला एका सभेत सुनावण्यात आले होते. अहो, ते पाणी एकच आहे! ज्या पाण्यात मासा जगत नाही आणि माशावर जगणारे जनावर टिकत नाही, ते नळाने आले म्हणून काय तीर्थ होते?

पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या समुद्री पाणमांजरांचा दाखला अशा वेळी हटकून देतात. त्यांना केसाळ कातडीसाठी मारून संपवत आणले, 1911 च्या तहाने ती वाचली, आणि 1974 साली एस्टिस आणि पाल्मिसानो यांनी दाखवले की पाणमांजर नसले की समुद्री साळूंचा सुळसुळाट होतो आणि ती समुद्रातली केल्पची जंगले खाऊन फस्त करतात. फार सुंदर संशोधन आहे ते. पण आमचे काही हौशी वक्ते तेच जसेच्या तसे वैनगंगेवर चिकटवतात, ते मला पसंत नाही. नदीतली साखळी निराळी असते, आणि ती इथे काम करूनच समजून घ्यावी लागेल. उसन्या पुराव्यावर उभी केलेली बाजू एका फटक्यात कोसळते.

सर्वांत खोटा युक्तिवाद मात्र वेगळाच आहे: ढिवर हाच पाणमांजराचा वैरी. सरकारी चर्चेत हे वाक्य फार सोयीचे ठरते, कारण त्याने रेतीवाला सुटतो, धरण सुटते, शहर सुटते. पाणमांजर मासे खाते हे खरे. दिवसाला किलोभर खाते, जाळे फाडते, आणि तलावाचा ठेका घेऊन बोटुकली सोडणाऱ्या संस्थेला ते परवडत नाही. रागाच्या भरात कोणी फास लावत असेल, पाण्यात विष किंवा स्फोटक टाकणारेही आहेत, आणि त्यांची गय करा असे मी म्हणणार नाही. पण शतकानुशतके ढिवर आणि पाणमांजर एकाच पाण्यावर जगत आले. बांगलादेशात तर नराइलकडचे कोळी पाळलेली पाणमांजरे जाळ्याकडे मासे हाकायला लावत आले आहेत. वैर वाढले ते मासळी कमी झाल्यावर, आणि मासळी कमी केली ती ढिवराने नव्हे.

उलट, मासळी परत कशी आणावी हे ढिवरांनीच करून दाखवले आहे. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव 1950 च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले आणि हळूहळू गाळाने व बेशरमाच्या झाडोऱ्याने भरले. गोंदिया जिल्ह्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना हाताशी धरून, त्यांच्या बायाबापड्यांना पुढे करून, बेशरम उपटले, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि हरवलेले देशी मासे तळ्यांत परतले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे ज्ञान ढिवरांचे होते. नवेगावबांधला राहून मारुती चितमपल्लींनी जे लिहिले, तेही अशाच अनक्षर जाणत्यांच्या बोटाला धरून. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांची रीत चालवणे हे पुतळ्यापेक्षा स्वस्त पडेल.

आता गोसीखुर्दच्या पाण्यावर जलपर्यटन येत आहे. 2024 साली त्याचा मोठा गाजावाजा झाला. नौका, बंगले, खेळ. अंभोऱ्याच्या संगमावर काचेच्या गच्चीचा पूल झालाच आहे. पर्यटनाने चार पोरांना काम मिळणार असेल तर मी त्याच्या आड येणार नाही. माझी मागणी एवढीच की नौकांचे मार्ग आखण्याआधी एका हिवाळ्यात काठ चालून पाहा. कर्नाटकाने 2015 साली तुंगभद्रेचा 34 किलोमीटरांचा पट्टा खास पाणमांजरांसाठी राखीव केला, देशात पहिल्यांदा. महाराष्ट्राला त्याच्या अर्धा पट्टा राखता येणार नाही? कायदा आडवा येत नाही. 2022 च्या दुरुस्तीने या प्राण्याला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. वाघाच्या पंगतीत पाट मांडला, पण पानात काही वाढले नाही.

आणि ढिवराच्या फाटलेल्या जाळ्याचे काय, याचे उत्तर आपल्याच सरकारने आधी देऊन ठेवले आहे. 2018 च्या डिसेंबरापासून कोकणातल्या मच्छीमाराला, जाळ्यात सापडलेले कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तो मोबाईलवर चित्रफीत काढून पाठवतो आणि पैसे घेतो. म्हणजे मच्छीमाराला भरपाई मिळते आणि सरकारकडे कोणता प्राणी, कुठे, कधी याची नोंदही आपोआप जमते. ही योजना समुद्रापुरती आहे. वैनगंगेच्या ढिवराचे जाळेही नायलॉनचेच असते आणि तेही बाजारातून विकतच आणावे लागते. पवनी आणि भंडारा तालुक्यांतल्या मच्छीमार संस्थांना हीच सवलत लावा, प्रत्येक संस्थेत एक वही ठेवा, तिच्यात फाटलेले जाळे, दिसलेले जनावर, तारीख आणि घाट एवढे चार रकाने आखा, आणि रेतीघाटांच्या पुढच्या लिलावाआधी ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल असा हुकूम काढा.